मापांची वही

कामराचे अध्यक्ष पुरसोबाब धुमे
दुकानात आले ते टोपी हातात घेऊन.
म्हणाले, "मिंगेल, सहाशे कोट. खाकी. पावसाआधी."
मी हसलो.
म्हापशात तेव्हा सहाशे बटणंसुद्धा नव्हती.

गावच्या गटारांना उतार दिला तो त्यांनीच,
बाजारातली विहीरही त्यांचीच,
म्हणून शुक्रवारी मिठाच्या ढिगाशेजारी उभं राहून
त्यांनी पोरं मागितली, तेव्हा पोरं आली.
रेंदेर आले, खारवी, पाव भाजणारे,
मास्तरांचा एकुलता, भटजींचा धाकटा.
दोन पलटणी भरल्या, तिसरी अर्धी.
छाती, गळा, बाही, सगळं नावासकट लिहिलं मी.
काहींची बाही दोन बोटं जास्तच धरली.
वाढीचं वय.

कोट गेले. बोट गेली.

पुढे त्यांना पदक मिळालं, एका रस्त्याला नाव.
पदक लावायला नवा कोट
त्यांनी माझ्याकडे कधी शिवला नाही.
शुक्रवारी बाजार उठला, सुक्या मासळीचा वास तेवढा उरला,
की यायचे, बाकावर टेकायचे.
"वाच."
मी वही उघडायचो.
"कायतान, आसगावचा. छाती एकतीस."
"बाही?"
"बावीस. वर दोन बोटं."

इथे ते हात वर करायचे.
स्वतःच्या मनगटापुढची रिकामी हवा
अंगठ्याने मोजल्यासारखं करायचे, आणि उठायचे.

"बाब, पुढची पानं?"
"पुढच्या शुक्रवारी."

सोळा वर्षांत
आम्ही कायतानच्या पुढे गेलो नाही.