दोन ठोके

शुंदेतल्या या तिसऱ्या मजल्यावर
संध्याकाळी सहाला मी कोंबडीची तंगडी सोलतो.
हाड बाजूला, सूपासाठी.
मांस कापायचं ते धाग्याच्या आडवं,
हे तू सांगितलं होतंस, चाळीस वर्षांपूर्वी,
आणि मी पेपर वाचत होतो.

गोदीत एकतीस वर्षं जहाजं सांधली.
उजवा कान तिथंच राहिला,
डाव्यात निम्माशिम्मा शिल्लक आहे.
आगीचं मला सांगू नका, असं म्हणायचो पाहुण्यांना.
तू आतून नुसती हसायचीस
आणि तेवढ्यात ताट यायचं, वाफेसकट.

मग गेल्या थंडीत
तुझा उजवा हात आणि सगळे शब्द
एकाच सकाळी गेले, किट-मुई.

आता मांसाला सोया, तांदळाची दारू, चिमूटभर साखर,
अंड्याचा पांढरा, कॉर्नफ्लोअर.
बोटांनी चोळत राहतो, तुकडे तुळतुळीत होईपर्यंत.
आलं काडेपेटीतल्या काडीएवढं.
गाजर पातळ, शिंगाडे जाड,
कारण शिंगाड्यानं कुरकुर केलीच पाहिजे.
मटारच्या कोवळ्या शेंगांच्या शिरा ओढायच्या, ते काम तुझं:
डाव्या हातानं, दातांची मदत घेऊन,
एक शेंग, एक मिनिट.
मी घड्याळाकडे बघत नाही.

कढई तापते. तेल आधी गप्प, मग त्यावर धूर.
कढईचा श्वास अन्नात उतरला पाहिजे, म्हणतात इकडे.
तो डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळतो म्हणे.
माझ्या कानांनी?

म्हणून तू काठी आपटतेस.
पडद्यापलीकडे, खुर्चीत बसून
तुला कढई ऐकू येते,
मला चपलेतून फरशी.
एक ठोका: टाक.
दोन ठोके: उतरव, गाढवा.
(गाढवा हे माझं. पण त्या दुसऱ्या ठोक्यात असतंच ते.)

आज एक ठोका आला.
कोंबडी पडली. लगेच हलवली नाही,
जरा चिकटू दिली, सोनेरी होऊ दिली, मग उलटली.
बाजूला काढली.
आलं, लसूण, गाजर, शेंगा, शिंगाडे,
मनगट दुखेपर्यंत उडवत राहिलो,
कोंबडी परत आत,
सोया कडेकडेनं, लोखंडावर चर्रकन जळेल असा,
कांद्याची पात.
पायाखाली काही नाही.

अजून एकदा परतलं. काही नाही.
शेंगांचा हिरवा अगदी काठावर उभा,
आता उतरवलं नाही तर गेला.
पाठीतून घाम. पडद्याकडे बघायची हिंमत नाही.
आणि मी, ज्यानं आयुष्यभर
दुसऱ्याच्या शिट्टीवर ज्योत विझवली,
स्वतःच्या मनानं गॅस बंद केला.

पडदा सरकवला.
काठी जमिनीवर आडवी
आणि तू चमचा रुमालावर नीट सरळ लावत होतीस,
माझ्याकडे न बघता.
"दोन ठोके कुठं गेले?"
जरा मोठ्यानंच विचारलं, बहिऱ्याच्या आवाजात.
तू खांदा उडवलास. डावा.

जेवलो.
शिंगाडा असा वाजला की मलाही ऐकू आला,
जबड्यातून, हाडातून.
तू एक घास घेतलास. थांबलीस.
ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून,
भिंत धरून चालत आल्यासारखा, एक शब्द आला:
"खारट."

मी म्हणालो, काय?
खरंच ऐकू आलं नव्हतं. किंवा आलं होतं.
तू चमचा खाली ठेवलास,
कपाळाला तीच जुनी आठी घातलीस
आणि पुन्हा म्हणालीस. या वेळी मोठ्यानं.

अकरा महिन्यांनी, आणि तक्रार.
सोया दोनदा पडला असेल, पडतो माझा.
उद्या ती थेरपीवाली यिप विचारेल, काय बोलल्या काकू?
सांगेन, स्वयंपाकावर बोलत बसलो होतो.

तुझ्या वाटीत साधा भात वाढला, वरून गरम पाणी.
तू सगळं संपवलंस.
मग कढई धुतली, काथ्यानं, नुसत्या पाण्यानं.
साबण लावायचा नाही.
तेव्हाही मी पेपर वाचत होतो.