रकाना चौदा

इथे वादी म्हणजे कोरडी नदी.
आमच्याकडे वाडी म्हणजे पाट, पोफळी, माणसं.
एका अक्षराच्या या अंतरात
तीन दिवस मी झाडं मोजतेय.

वर खजूर, मधे लिंबू, खाली लसूणघास.
लावली चारशे, जगली दोनशे एकसष्ट.
मेली ती बहुतेक लिंबं,
शेंड्याला केरसुणीसारखे झुबके.
खलफान काठीने दाखवतो, बोलत नाही.

फलजचं पाणी त्याच्या पाळीला येतं
पहाटे, एक तारा डोंगराआड गेला की.
फॉर्मात वेळ मिनिटांत भरायची.
किती मिनिटं, मी विचारलं.
म्हणाला, ताऱ्याला विचारून सांगतो.

रकाना चौदा : लाभार्थी कुटुंबं.
खलफानचं, एक.
आणि बांध फोडून पाणी वळवणारा मोफज्जल,
घोटाभर चिखलात?
त्याचं घर नोआखालीकडे,
दोन वादळांत दोनदा वाहून गेलेलं,
आता याच खजुरांच्या जिवावर
हातभर उंच जोत्यावर.

हवामानापुढे तग धरणं, तो मुद्दा सोळावा.
पण गाव निवडायच्या यादीत
समुद्रापलीकडचं काही नाही.

मी एक पुसून दोन लिहिलं.
पडदा लाल झाला.
मोफज्जलने पायानेच माती सारून
पाणी पुढच्या आळ्यात सोडलं.