दोन ओळी सारख्या

म्हापशाला, पतसंस्थेच्या माडीवर,
जुना सर्व्हर शनिवारी बंद करायचं ठरलं.
खाली मासळीचा टेम्पो मागे मागे येत होता
आणि चेअरमन शिरगांवकर विचारत होते,
‘‘सगळ्यांचे पासवर्ड कागदावर काढशील काय?
पाकिटात घालून घरी पाठवू.’’

म्हटलं, बाब, ते आपल्याकडे नाहीतच.
कधी नव्हते.
वाटलेलं खोबरं करवंटीत परत भरता येतं का?
आपल्याकडे आहे ते नुसतं वाटण.
कुणी आपला शब्द आणला, की तोही वाटायचा,
चव जुळली तर दार उघडायचं.

ते हसले. ‘‘म्हणजे चार हजार घरांचा स्वयंपाक
तू झाकण न काढता हलवणार.’’
होय, तसंच.

रात्री साडेदहाला फाईल उघडली.
बत्तीस बत्तीस अक्षरांच्या रांगा.
आधीच्या माणसाने मीठ न घालताच वाटलेलं सगळं,
म्हणून सारखा शब्द सारखाच दिसतो.
एकशे अठरा जणांची एकच ओळ:
तिथे काय असेल ते शाळकरी पोरही सांगेल.

पण ही ओळ दोघांचीच.
क्रमांक दोनशे बारा, आगरवाडो.
क्रमांक एकोणीसशे सात, शिवोली.
आडनावं वेगळी. एकाचं देऊळ, एकीची इगर्ज.
मध्ये शापोरा नदी,
आणि जन्मसालं अशी, की दोघंही
पूल व्हायच्या आधीच्या फेरीबोटीत बसलेली असणार.

योगायोग असेल.
म्हशीचं नाव असेल, लॉटरीचा नंबर असेल.
चार शब्द घालून बघता आले असते.
बोटं तिथवर गेली, खरं सांगते.
मग उठून खिडकी लावली.

माझा बाप आगरवाड्याच्याच मिठागरात राबला.
म्हणायचा, मीठ मापाने नाही, हाताने घालावं;
दोन हातांची चिमूट कधी एक नसते.

स्क्रिप्ट चालवली.
प्रत्येक ओळीला तिचं तिचं मीठ.
अकरा मिनिटं पंखा गुरगुरला.
दोनशे बारा आता कायच्या काय,
एकोणीसशे सात भलतंच.
त्यांच्यात काही सारखं होतं
हे यापुढे कुठल्या यंत्राला कळायचं नाही.
जुनी डिस्क पुसली. दोनदा.

सोमवारी सव्वानऊला
नव्या सर्व्हरवर पहिली नोंद:
एकोणीसशे सात. शब्द बरोबर. आत आली.

दोनशे बारा अजून नाही.
जेवायची सुट्टी झाली तरी
मी लॉग उघडाच ठेवलाय.