नमुना क्रमांक सात

डवऱ्याचं पाणी बाटलीत भरून
चुलीच्या उबेला ठेवलंय, दोन रात्री.
काळं पडलं तर पिऊ नये,
हे सांगायला पाड्यावर कुणी आलं नव्हतं.
आम्हीच शिकलो, मी आणि दर्शना खरपडे,
आरेतल्या नऊ पाड्यांची एक वही करून.

चैतीमावशी हसते बाटलीला.
"दगड उचल," म्हणते, "खेकडा आहे का बघ."
नाही.
तबेल्याचा ओघळ खाली उतरला
तेव्हापासून नाही.

पाड्याला वळसा घालून शहराची जाडजूड पाइप जाते,
कान लावला तर आत घुमते.

सकाळी बाटली काळी.
तक्त्यात खेकड्याला रकानाच नव्हता.
दर्शनानं पट्टी ठेवून
पेन्सिलीनं एक रेघ वाढवली,
वर लिहिलं: मावशीचं माप.
खाली तीन सालांची तीन शून्यं.