न धुतलेली लोकर

नारीनमध्ये, जानेवारीत,
बुरुलचा आपा दुकानात येते तेव्हा
आधी दार, मग वाफ, मग तिचे हात.
काउंटरवर पालथे ठेवते,
जणू विकायला आणलेत.

पेरांवर भेगा,
मनगटापर्यंत लालसर चट्टे.
रेशमाचा दोराही हल्ली बोटाला अडकतो, म्हणाली.
शेपटीची चरबी लावून पाहिली,
नातवंडं जवळ येईनात.

मी पाठ केलेलं सांगते:
कोमट पाणी, साबण नको,
कातडी ओलसर असतानाच मलम,
निजताना सुती हातमोजे.

ती हसते. ओठ फुटू नये म्हणून अर्धंच.
"मग नमदा काय फुंकर मारून लाटू?
त्याला कढत पाणी लागतं, साबण लागतो,
आणि पोरी, हेच दोन हात लागतात."

मग जरा थांबून:
"जूनमध्ये मेंढ्या कातरते ना,
तेव्हा हे हात तान्ह्याच्या गालासारखे.
लोकरीतच तेल असतं गं.
आपणच काढतो ते. धू धू धुतो.
मग लोकर कोरडी, मीही कोरडी."

बिनवासाची ट्यूब नेली तिने.
पैसे शनिवारी. वहीत लिहिले.

शनिवारी पैसे नाहीत, एक पुडकं:
जूनपासून राखलेली न धुतलेली लोकर,
काड्याकचऱ्यासकट, मेंढीच्या उग्र वासाची.
सॅनिटायझरने सोललेले माझे हात
न विचारता तिने त्यात खुपसले.

मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती,
एकजण तर खोकतही होता.
मी हात काढले नाहीत.