डावरा हात

बेलापूरच्या कचेरीतून रद्दी निघाली त्या शनिवारी
मी एक पत्रक छत्रीत खुपसून घरी आणलं.
पाठीला कापड, कडांना वाळवीची नक्षी,
सर्वेक्षण एकोणीसशे अडुसष्टचं.
एकतीस वर्षं आरेखक होतो. चोरी एवढी एकच.

टेबलावर चार कोपऱ्यांना चार वाट्या ठेवल्या
आणि धामणखोरं उघडं झालं.
तपकिरी रेषा, दर वीस मीटरला एक.
एकमेकींना खेटतात तिथे कडा,
ऐसपैस बसतात तिथे भातखाचरं.
निळी तुटक रेघ म्हणजे ओढा, पण चारच महिने.
विहिरीचा ठिपका. तीन झोपड्या.
एक ताड,
त्याच्या सावलीला कुणी साखळी खाली ठेवून
घाम पुसला असेल, म्हणून कागदावर आला.

बायजी शिद शेवळांचे वाटे घेऊन दारावर आली.
तिला अक्षर येत नाही. वाकून बघत राहिली.
"कुनी सारवलंय हे?" म्हणाली,
"हात डावरा दिसतो."

शाई, निब, रोखलेला श्वास,
इतक्या रेषा ओढल्या मी;
रेषेला हात असतो
हे खात्याच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

मग तिनं बोट ठेवलं. विहीर.
"हिचा पानी मचूळ."
बोट वर सरकलं, कागदावर वाट नाही तिथून,
कड्याला वळसा घालून गेलं
आणि थांबलं.
"इथं माझी सासू पडली, मोळीसकट."
मी वाचलं: उंची एकशे साठ.

नवं पत्रक मी मुद्दाम काढलं नव्हतं.
त्यात त्या डोंगराच्या नऊ रेषांतल्या चार उरल्यात,
बाकीच्या जागी आत वळलेले बारीक दात. खाण.
तिला ते माझ्याआधी ठाऊक.
सहा पावसाळे सोडून सहा वर्षं
तीच खडी वाहत होती पाटीतून, ब्रासच्या हिशेबानं.

आमची इमारत दोन हजार तीनची. सातवा मजला.
जमिनीपासून वीस मीटर, थोडं इकडे तिकडे,
म्हणजे एक रेषा.
कुठली, ते विचारायचं मी टाळलं.

शेवळांचे साठ रुपये झाले.
"काकडं घाला भाजीत," ती म्हणाली,
"नायतर घसा खाजंल."
काकडं ठेवायला मी एक वाटी उचलली
तसा तो कोपरा हळूच उठला,
ताड, विहीर, ओढा आत घेत
गुंडाळत निघाला.

मी पुन्हा दाबला नाही.