कासव

माझ्या ओम्नीचं इंजिन माझ्याच सीटखाली आहे,
म्हणजे गाडीचं दुखणं आधी मला बुडाला कळतं,
मग कानाला,
आणि सगळ्यात शेवटी डॅशबोर्डवरच्या दिव्याला.

तो दिवा पिवळा. इंजिनाचं चित्र आहे म्हणे.
पण पुढे बसणारा शौनक म्हणाला, "मावशी, कासव पेटलं,"
तेव्हापासून अकरा पोरं आणि मी
त्याला कासवच म्हणतो.

नोव्हेंबर. पाथर्डी फाट्याचा सिग्नल, सकाळचे सहा चाळीस.
काचेवर धुकं, हँडब्रेक ओढलेला,
आणि गाडी उभ्या जागी कुडकुडतेय
रामकुंडातून डुबकी मारून वर आल्यासारखी.
पोरांना मजा.
सगळी मिळून "आऽऽऽ" लावतात,
आवाज हलत हलत बाहेर पडतो, आ-आ-आ-आ,
हिरवा होईपर्यंत.
मी ॲक्सिलरेटरवर पंजा टेकवून बसलेली,
सोडला की बंद पडेल.

लेखानगरच्या पोराने तीन प्लग बदलले, वायरी बदलल्या,
चौदाशे घेतले.
कासव गेलं. तिसऱ्या दिवशी गरवारे पॉइंटला परत आलं.
मग त्यानेच शिकवलं:
बॅटरीचं टर्मिनल काढायचं,
चहा होईतो थांबायचं,
परत लावायचं. दिवा गुल.
तेव्हापासून दहा नंबरचा पाना माझ्या पर्समध्ये,
कंगव्याशेजारी.
रविवारी संध्याकाळी मी कासव घालवायची,
सोमवारी गाडी निरोगी.
घरातलेही काही दिवे मी असेच विझवलेत.
ते इथे नको.

वडाळा नाक्यावर इद्रिसभाईंनी पहिलं हेच विचारलं,
"दिवा किती वेळा पुसला?"
म्हटलं, दोनदा.
टर्मिनलच्या नटाच्या झिजलेल्या कडांवरून
बोट फिरवत ते गप्प राहिले.

सीट उचलली.
त्यांच्या भाच्याने, झैदने, स्टिअरिंगखाली डबी खोचली,
मोबाइलवर अक्षरं आली: पी शून्य तीन शून्य दोन.
"मामू, दोन नंबर मिस मारतोय. कॉइल टाकू?"
"थांब.
कोड म्हणजे शेजारीण.
भांडण कुठल्या घरात ते सांगते,
कशावरून, ते तिला कुठे ठाऊक?"

चालू इंजिनावर एकेक वायर काढून पाहिली.
पहिली काढली, इंजिन खचलं.
तिसरी काढली, खचलं.
दुसरी काढली
तर काहीच नाही,
घरात असून नसलेल्या माणसासारखं.
वायरींची अदलाबदल केली. तरी गैरहजर दोनच.

मग त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक इंजिनाला,
डोळे मिटले.
शेजारच्या वेल्डिंगवाल्याला हाताने थांबवलं.
मीसुद्धा श्वास धरून, का कोण जाणे.

"झैद, स्प्रे."
मागच्या बाजूला एक फवारा,
आणि इंजिन एकदम गुळगुळीत झालं,
चार सेकंद.
पुन्हा कुडकुड.
पुन्हा फवारा, पुन्हा चार सेकंद.

करंगळीएवढा रबरी पाइप.
पाठीमागून तडकलेला, हात पोचत नाही त्या अंगाने.
"वारा खात होती," ते म्हणाले,
"पेट्रोल तेवढंच, हवा फुकटची."
पाइप साठ रुपये. हात काळे करायचे अडीचशे.
पाना त्यांनी मागितला नाही.
मी दिलाही नाही.

सोमवार. तोच सिग्नल, तेच धुकं.
मी हळूच पंजा उचलला.
गाडी उभी होती. नुसती उभी,
इंजिन चालू आहे की नाही
म्हणून मी सीटवर हात ठेवून पाहिला.

पोरांनी "आऽऽऽ" लावला.
आवाज सरळ निघाला, दोरीसारखा,
एकेक करून सगळी थांबली.
मागून गार्गी म्हणाली,
"मावशी, गाडी बिघडली का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही.
मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.
हिरवा कधीचाच झाला होता.